मेडिकल एअर प्लांट ‘ऑटो’वर चालतो म्हणजे नेमकं काय: नाशिकमधल्या नव्या टेक्निशियनसाठी

रुग्णालयाच्या प्लांट रूममध्ये (रुग्णांसाठीची दाबाखालची हवा तयार होते त्या खोलीत) रुजू झालात की पहिल्याच दिवशी कुणीतरी पॅनेलकडे बोट दाखवून सांगतं, “हे सगळं ऑटोवर आहे, काही बघावं लागत नाही.” हे ऐकलंत की त्याच दिवसापासून बघायला सुरुवात करा. ऑटो पॅनेल दोन-तीन कॉम्प्रेसर इतक्या शांतपणे सांभाळतं की त्यातला एक बंद पडला तरी वॉर्डात कुणाला कळत नाही. प्लांट रूममध्येही कळत नाही. दुसरा बंद पडतो तेव्हा एकदम सगळ्यांना कळतं.

आपल्याकडे या कामावर येणारी बरीच मुलं सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांतून येतात. कॉम्प्रेसर त्यांना पाठ असतो. पण कारखान्यात एअर गेली तर लाइन थांबते. इथे ती व्हेंटिलेटरला जाते, ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) उपकरणांना जाते आणि एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) ब्लेंडरला, म्हणजे ऑक्सिजन आणि हवा मिसळून देणाऱ्या यंत्राला, जाते. ब्लेंडरचं उदाहरण नीट लक्षात ठेवा. त्याला एका बाजूने ऑक्सिजन आणि दुसऱ्या बाजूने एअर लागते. एअरचं प्रेशर फार पडलं की तो शिट्टी मारतो आणि बाळाला सरळ शंभर टक्के ऑक्सिजन जाऊ लागतो. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांना जास्तीचा ऑक्सिजन घातक असतो. पॅनेलवरचा एक चुकीचा आकडा कुठपर्यंत पोहोचतो, ते यावरून समजा.

आधी हे गोळा करा

कागद: प्लांटचा पाइपिंगचा नकाशा, पॅनेलचं वायरिंग डायग्राम, सेटिंगचा तक्ता (कोणता कॉम्प्रेसर किती बारला चालू, कितीला बंद, डिले किती), पीएलसीच्या (पॅनेलमधल्या छोट्या कंट्रोल संगणकाच्या) प्रोग्रॅमची कॉपी आणि पासवर्ड, सेफ्टी व्हॉल्व्ह व रिसीव्हरची (हवा साठवणाऱ्या टाकीची) टेस्ट सर्टिफिकेटं, गेज आणि ट्रान्समीटरची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं, एएमसीचा (वार्षिक देखभालीचा) करार आणि जुनं लॉगबुक. पासवर्ड बहुतेक वेळा फक्त पॅनेल बसवणाऱ्याकडे असतो. तो लेखी मागून घ्या आणि बंद पाकिटात विभागप्रमुखांकडे ठेवा. एनएबीएचची (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेची) तपासणी असेल तर लॉगबुक मागितलं जातंच, पण आपल्याला ते आपल्यासाठी हवं आहे.

हत्यारं: कॅलिब्रेट केलेलं एक सुटं प्रेशर गेज, क्लॅम्प मीटर, मल्टिमीटर, बॅटरी, कानातले प्लग. आणि स्टॉपवॉच. मोबाइलमधलं चालेल. या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी वाटतं ते तेच.

## १. हवेचा रस्ता पायी फिरून बघा

इनटेकपासून सुरुवात करा: इनटेक फिल्टर, कॉम्प्रेसर, आफ्टरकूलर, एनआरव्ही (हवा मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), रिसीव्हर, फिल्टर, ड्रायर, पुन्हा फिल्टर, मग प्रेशर कमी करणाऱ्या रेग्युलेटरची जोडी आणि तिथून वॉर्डाकडे लाइन. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी एकच प्लांट एअर-४ आणि एअर-७ दोन्ही देतो. रिसीव्हरमध्ये आठ-नऊ बार असतात. त्यातून वॉर्ड आणि आयसीयूसाठी ४ बार, आणि ओटीत हवेवर चालणाऱ्या ड्रिल-करवतीसाठी ७ बार काढले जातात.

फिरताना दोन गोष्टी बघा. इनटेकच्या जवळ डीजीचं (डिझेल जनरेटरचं) धुराडं, व्हॅक्युम पंपाचा एक्झॉस्ट किंवा पार्किंग आहे का? पॅनेल कितीही हुशार असलं तरी आत ओढलेला कार्बन मोनॉक्साइड त्याला थांबवता येत नाही. दुसरं, प्रत्येक कॉम्प्रेसरनंतर स्वतःचा एनआरव्ही आणि स्वतंत्र आयसोलेशन व्हॉल्व्ह आहे ना? एनआरव्ही गळका असेल तर चालू कॉम्प्रेसरची हवा बंद कॉम्प्रेसरमधून मागे जाते. मग प्रेशर भरत नाही आणि दोष उगाच सेटिंगवर येतो.

## २. पॅनेलला फक्त प्रेशर दिसतं

नवीन माणसाला वाटतं की पॅनेलला आयसीयूत किती व्हेंटिलेटर चालू आहेत हे माहीत असतं. तसं नाही. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट फक्त पाण्याची पातळी बघतो, कुणाच्या घरी नळ चालू आहे ते नाही. तसंच हे. रिसीव्हरवरच्या प्रेशर स्विचचा इशारा किंवा ट्रान्समीटरचा आकडा पॅनेलकडे येतो. आकडा खाली आला तर हवा कमी पडते आहे, वर गेला तर पुरे झाली.

जुन्या पॅनेलमध्ये प्रत्येक कॉम्प्रेसरचा वेगळा प्रेशर स्विच असतो आणि सेटिंग पायऱ्यांनी उतरत जातं. उदाहरणादाखल: पहिला ८.५ ला चालू, ९.५ ला बंद. दुसरा ८.१ ला चालू, ९.१ ला बंद. तिसरा ७.७ ला चालू, ८.७ ला बंद. साधी, भरवशाची पद्धत. पण प्रेशर ७.७ ते ९.५ असं १.८ बारच्या पट्ट्यात फिरत राहतं. खालच्या टोकाला ७ बारची लाइन जेमतेम भागते आणि वरच्या टोकाला विजेचं बिल वाढतं. साधारण १ बार जादा प्रेशरमागे वीज ६ ते ७ टक्के जास्त लागते.

नव्या पीएलसी पॅनेलमध्ये सगळ्यांना मिळून एकच अरुंद पट्टा असतो, समजा ८.५ ते ९.२. आकडा ८.५ च्या खाली गेला की पहिला सुरू होतो. ठरलेल्या सेकंदांत प्रेशर सावरलं नाही, किंवा ते वेगाने पडतच राहिलं, तर दुसरा येतो. इथे सेटिंगमध्ये प्रेशरइतकाच डिले महत्त्वाचा. डिले फार कमी ठेवला तर ओटीत एक ड्रिल चालू झालं तरी दोन मोटरी उठतात. फार जास्त ठेवला तर प्रेशर अलार्मच्या रेषेपर्यंत उतरतं. त्यामुळे कारखान्यातलं पाठ असलेलं सेटिंग इथे टाकू नका. तुमच्या रिसीव्हरवर घड्याळ लावून मोजा आणि मगच बदला.

## ३. लीड, लॅग आणि पाळी

आधी सुरू होतो तो लीड, मदतीला येतो तो लॅग, आणि सगळ्यांत शेवटी उरतो तो स्टँडबाय. ही नावं एका मशीनला कायमची चिकटलेली नसतात. पॅनेल पाळी बदलतं: काही ठिकाणी प्रत्येक स्टार्टला, काही ठिकाणी ठरावीक तासांनी, काही ठिकाणी ज्याचे तास कमी त्याला पुढे काढून.

पाळी बदलते की नाही हे पॅनेलच्या स्क्रीनवरून ठरवू नका. तासांचे मीटर बघा. रोज एकाच वेळी सगळ्या कॉम्प्रेसरचे आकडे लिहा आणि कालचा आकडा वजा करा.

एक सापळा इथे आहे. सगळ्यांचे तास अगदी सारखे ठेवले की सगळ्यांची सर्व्हिसही एकाच आठवड्यात येते, आणि एकाच वयाचे भाग एकाच सुमारास थकतात. म्हणून माझं मत असं की एका मशीनला मुद्दाम काहीशे तास पुढे ठेवावं. एएमसीवाले याला नाखूश असतात, त्यांना एका फेरीत तिन्ही उरकायचे असतात. तरीही आग्रह धरा. एक उघडलेला असताना बाकीचे ताजे सर्व्हिस झालेले असले पाहिजेत.

प्लांटमध्ये एक व्हीएफडी (मोटरचा वेग मागणीनुसार कमी-जास्त करणारा) कॉम्प्रेसर आणि बाकीचे साधे असतील तर पाळीचा नियम वेगळा: साधे कॉम्प्रेसर कायमचा भार उचलतात आणि व्हीएफडीवाला वरची चढ-उतार सांभाळतो. व्हीएफडीची कमीत कमी ते जास्तीत जास्त हवा यांतला फरक साध्या कॉम्प्रेसरच्या क्षमतेपेक्षा कमी असेल तर मधल्या मागणीला साधा मशीन सतत चालू-बंद होत राहतो. हे खरेदीच्या वेळी बघायचं, नंतर सेटिंगने फारसं सुधारत नाही.

## ४. तासाला किती स्टार्ट होतात ते मोजा

मोटर चालून जितकी झिजते त्याहून जास्त सारखी सुरू-बंद होऊन झिजते. कॉन्टॅक्टरचंही (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचंही) तेच. हा हिशेब एकदा स्वतः करून बघा.

रिसीव्हर १,००० लिटरचा, पट्टा १ बारचा. म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत साधारण १,००० लिटर मोकळी (बाहेरच्या साध्या दाबाची) हवा हाताशी आहे. कॉम्प्रेसर मिनिटाला १,००० लिटर देतो आणि रुग्णालय ५०० ओढतं आहे असं धरा. कॉम्प्रेसर बंद असताना हे १,००० लिटर दोन मिनिटांत संपतात. चालू झाल्यावर ५०० शिल्लक पडतात, म्हणजे भरायलाही दोन मिनिटं. चार मिनिटांत एक फेरी, तासाला १५ स्टार्ट. मागणी क्षमतेच्या बरोबर निम्मी असते तेव्हाच ही सर्वांत वाईट अवस्था येते. मागणी त्याहून कमी किंवा जास्त झाली की स्टार्ट कमी होतात.

दोन मशीनमध्ये पाळी लावली तर प्रत्येकाला साडेसात येतात. रिसीव्हर दुप्पट केला तर तेही निम्मे होतात. तुमच्या मोटरला तासाला किती स्टार्ट चालतात ते तिच्या मॅन्युअलमध्ये बघा. आपल्या इथले आकडे त्याच्या वर जात असतील तर पट्टा थोडा रुंद करणं, पाळी सुरू करणं किंवा बंद होण्याआधी काही मिनिटं मशीन अनलोडवर (हवा न भरता नुसतं) फिरवणं, असे उपाय आहेत. अनलोडवर फिरतानाही वीज जाते, तेव्हा शेवटचा उपाय जपून.

क्षमतेबद्दल नाशिकची एक गोष्ट. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहोत. इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ. प्लेटवर लिहिलेले लिटर कॉम्प्रेसर ओढतो, पण त्या लिटरांत माल तेवढा कमी. खाटांच्या हिशेबाने प्लांट काठावर निवडला असेल तर हा फरक एप्रिल-मेमध्ये जाणवतो, कारण तेव्हा गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीन तापमानावर ट्रिप (संरक्षणासाठी आपोआप बंद) व्हायला लागलेलं असतं.

## ५. स्टँडबाय चालू झाला ही बातमी आहे

पूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा.

तीन कॉम्प्रेसर आहेत, सगळी मागणी दोघांत भागते. एक ट्रिप झाला. पॅनेलने तिसऱ्याला बोलावलं. प्रेशर ९ च्या आसपास, वॉर्डात ४ बार, दिवे हिरवे. रुग्णाच्या दृष्टीने सगळं ठीक आहे, आणि व्हायला हवं तसंच झालं. पण त्या क्षणापासून तुमच्याकडे जादा मशीन उरलेलं नाही.

एका रुग्णालयाचं लॉगबुक माझ्या हातात आलं होतं. प्रेशरच्या रकान्यात रोज ९.०, ८.९, ९.१. तासांच्या रकान्यात ‘बी’ कॉम्प्रेसरसमोर ओळीने एकच आकडा, पानामागून पान. तिन्ही शिफ्टच्या सह्या होत्या. ओव्हरलोड रिले ट्रिप होऊन ‘बी’ कधीचा पडून होता, अलार्मचा आवाज कुणीतरी म्यूट केला होता, आणि प्रेशर चांगलं असल्यामुळे शंका यायला कारणच नव्हतं.

यासाठी तीन व्यवस्था करून घ्या. पहिली, शेवटचा मशीन सुरू होताच वेगळा अलार्म वाजला पाहिजे, प्रेशर कितीही चांगलं असो. दुसरी, ट्रिपचा दिवा आपोआप विझू नये. माणूस मशीनपाशी गेल्यावरच तो रिसेट व्हावा. तिसरी, हे अलार्म फक्त प्लांट रूममध्ये नकोत. जिथे चोवीस तास माणूस बसतो तिथे, म्हणजे टेलिफोन ऑपरेटर किंवा कंट्रोल डेस्कपाशी, त्यांचं रिपीटर पॅनेल हवं. रिकाम्या खोलीत वाजणारा हूटर कामाचा नाही.

स्टँडबाय वारंवार सुरू होतो पण काहीच ट्रिप नाही, असं असेल तर मागणी वाढली आहे किंवा कुठेतरी गळती आहे. खाटा वाढतात, व्हेंटिलेटर वाढतात, प्लांट तोच राहतो. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरातल्या ज्या रुग्णालयांत खाटा वाढतील तिथल्या मंडळींनी हे आताच तपासावं. पहाटे, ओटी बंद असताना लोडचा वेळ (मशीन प्रत्यक्ष हवा भरत असतं तो वेळ) मोजा. तेव्हाही मशीन बराच वेळ लोडवर असेल तर आधी गळती शोधा.

## ६. लाइट गेली आणि परत आली

लाइट गेली की डीजी येतो, आणि पॅनेलला पुन्हा जीव येतो. त्या वेळी प्रेशर उतरलेलं असतं, म्हणून सगळे कॉम्प्रेसर एकदम उठू बघतात. डीजीवर तो धक्का पडला की डीजीच बसतो. म्हणून प्रत्येक मशीनच्या स्टार्टमध्ये काही सेकंदांचं अंतर असावं.

दुसरी अडचण याच्या उलट. काही पॅनेल लाइट आल्यावर स्टार्टचं बटण दाबल्याशिवाय उठतच नाहीत. कारखान्यात ती सुरक्षितता असते. इथे रात्री तीन वाजता ते बटण दाबायला कोण आहे? ऑटो-रिस्टार्ट चालू आहे याची खात्री करा, आणि मशीनवर ‘आपोआप सुरू होतो’ अशी पाटी लावा, म्हणजे बेल्ट तपासायला हात घालणारा आधी एमसीबी बंद करील.

फेज गेल्यावर ट्रिप होणारा रिलेही बघून ठेवा. तीनपैकी एक फेज गेली की तो एकाच वेळी सगळ्या मोटरी थांबवतो. हे बरोबरच आहे, पण मग सप्लाय आपोआप डीजीवर जायला हवा.

## ७. कंट्रोलच बंद पडलं तर

कॉम्प्रेसर तीन आणि त्यांना सांगणारा पीएलसी एक. ट्रान्समीटरही एकच. हा गळ्यातला फास आहे. प्रत्येक कॉम्प्रेसरला स्वतःचा एमसीबी, स्वतःचा स्टार्टर, स्वतःचा कंट्रोल सप्लाय हवा, आणि पीएलसी मेला तर साध्या प्रेशर स्विचवर मशीन चालत राहिले पाहिजेत. पॅनेलवाल्याला थेट विचारा: “ट्रान्समीटरची वायर तुटली तर काय होईल?” “सगळे बंद” असं उत्तर आलं तर दुरुस्ती करून घेतल्याशिवाय सही करू नका.

याच्याही पलीकडे, प्लांट पूर्ण बसला तर एअर सिलिंडरची राखीव बँक आपोआप लाइनला लागली पाहिजे. आयएसओ ७३९६-१ हे मानक पुरवठ्याचे तीन स्रोत मागतं ते याचसाठी. बँकेचा रेग्युलेटर प्लांटच्या लाइनपेक्षा थोड्या कमी प्रेशरला लावलेला असतो. प्लांटचं प्रेशर त्याखाली उतरलं की बँक स्वतःहून हवा देऊ लागते, त्यासाठी वीज लागत नाही. सिलिंडर भरलेले आहेत आणि त्यांचे व्हॉल्व्ह उघडे आहेत हे मात्र माणसानेच बघायचं.

नाशिककरांना हे वेगळं समजावायला नको. २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टँकला गळती लागून ऑक्सिजनचा पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. तो एअर प्लांट नव्हता, कारणही वेगळं होतं. पण मुख्य स्रोत तुटल्यावर हाताशी किती मिनिटं आहेत, हा प्रश्न प्रत्येक गॅसला लागू आहे. आपल्या बँकेवर आयसीयू किती वेळ चालेल, तो आकडा काढून भिंतीवर लावा.

## ८. ड्रायर आणि पाणी

ड्रायरही दोन असतात आणि त्यांचंही आपोआप बदलणं असतं, बहुतेक दवबिंदूच्या (हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्या तापमानाच्या) मीटरवरून. एचटीएम ०२-०१ ही ब्रिटिश मार्गदर्शिका दवबिंदू उणे ४६ अंशांच्या खाली मागतं. हीटर नसलेला डेसिकंट (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) ड्रायर स्वतःच्या सुकवणीसाठी १५ टक्क्यांच्या आसपास हवा खातो, ती क्षमतेच्या हिशेबात धरा.

पावसाळ्यात मिनिटाला हजार लिटर ओढणाऱ्या कॉम्प्रेसरमधून तासाला लिटरभर पाणी निघू शकतं. ऑटो ड्रेन तुंबला तर ते रिसीव्हरमध्ये साठतं, हवेची जागा कमी होते आणि स्टार्ट वाढतात. जुलैत स्टार्ट अचानक वाढले तर सेटिंगला हात लावण्याआधी ड्रेन उघडा.

## ९. चाचणी कशी घ्यायची

आयसीयू, एनआयसीयू आणि ओटीच्या इन्चार्ज सिस्टरांना आधी कळवा, त्यांची परवानगी लेखी घ्या. ऑपरेशन चालू असताना नाही, रात्री नाही. राखीव बँक तपासल्याशिवाय अजिबात नाही.

रिसीव्हरचा ड्रेन किंवा टेस्ट व्हॉल्व्ह हळूहळू उघडून मागणी तयार करा. सुट्या गेजवर डोळा ठेवा: लीड ठरलेल्या आकड्याला उठला का? व्हॉल्व्ह आणखी उघडा, लॅग किती सेकंदांनी आला? आता लीडचा एमसीबी पाडा. त्याची जागा दुसऱ्याने घेतली का, ट्रिपचा अलार्म कंट्रोल डेस्कवर वाजला का, तिथल्या माणसाने फोन केला का? हा शेवटचा प्रश्नही चाचणीचाच भाग आहे. ट्रान्समीटरची वायर काढून बघणं आणि मेन सप्लाय बंद करून डीजीवर उठवणं, या दोन चाचण्या पॅनेलवाला हजर असतानाच करा.

संपल्यावर सगळे हॅन्ड-ऑफ-ऑटो (हाताने-बंद-आपोआप) स्विच ऑटोवर आले का ते एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने हात लावून बघायचं. स्विच ‘ऑफ’वर राहिलेला मशीन स्टँडबाय म्हणून मोजला जातो आणि वेळेला येत नाही. ‘हॅन्ड’वर राहिलेला असेल तर काही पॅनेलमध्ये तो कट-आउटला (बंद व्हायच्या प्रेशरला) थांबत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडेपर्यंत भरत राहतो.

## १०. रात्री लो प्रेशरचा अलार्म आला तर

पहिला फोन आयसीयूला, एनआयसीयूला आणि ओटीला, कारण तिथली माणसं अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी घेऊ शकतात, तुम्ही नाही. मग राखीव बँक लागली का ते बघा. मग कॉम्प्रेसर: कोण चालू, कोण ट्रिप, रिसीव्हरचं प्रेशर किती. रिसीव्हरमध्ये प्रेशर चांगलं आणि वॉर्डात कमी असेल तर अडचण रेग्युलेटर, फिल्टर किंवा ड्रायरपाशी आहे. बायपास उघडा आणि मशीनच्या मागे लागू नका. रिसीव्हरच रिकामा असेल तर पीएलसी बाजूला ठेवा, एक मशीन हॅन्डवर घ्या, आणि दुसरा माणूस येईपर्यंत गेजसमोरून हलू नका.

ट्रिप झालेला मशीन एकदाच रिसेट करायचा. पुन्हा ट्रिप झाला तर तो तसाच सोडून एएमसीवाल्याला बोलवा, आणि ट्रिपचं कारण, वेळ, क्लॅम्प मीटरवरचा करंट व तासांचा आकडा लॉगबुकात लिहून ठेवा.